एकशे वीस शब्दांत परिचय

मुख्य गोष्ट आधी सांगतो. आमच्या विभागात आलेली एक मुलगी तिसऱ्या महिन्यात विभाग सोडून गेली. जाण्याआधी तिनं मला एकच प्रश्न दोनदा विचारायचा प्रयत्न केला होता, एकदा कागदावर आणि एकदा तोंडी. कागदावरचा प्रश्न मी न वाचता कापला. तोंडी प्रश्न तिला विचारू दिला नाही. प्रश्न असा होता: आजारी वडिलांच्या नावावर ती दोन वर्षं बातम्या लिहून पाठवत होती, ते काम तिचं आहे असं तिला म्हणता येईल का? उत्तर 'हो' असं होतं. ते उत्तर खात्रीनं देऊ शकणारा त्या इमारतीत एकच माणूस होता, आणि तो मी होतो.

बाकीचा तपशील पुढे.

सोलापुरात एका दैनिकाच्या डेस्कवर मी एकवीस वर्षं काम केलं. गावोगावचे वार्ताहर बातम्या पाठवत, मी त्या नीट करून पानात बसवत असे. वार्ताहराचं नाव छापलं जात नाही. सुरुवातीला गावाचं नाव आणि पुढे 'वार्ताहर', एवढंच. कुणी किराणा दुकान चालवणारा, कुणी शाळेतला शिपाई, कुणी शेती सांभाळून लिहिणारा. यांच्यापैकी बहुतेकांना मी कधी पाहिलं नाही. माझ्या मोबाइलमध्येही ते गावाच्या नावानंच होते. फोन आला की पडद्यावर गाव उमटायचं आणि आवाज यायचा, "साहेब, बातमी मिळाली का?"

डेस्कचा एक जुना नियम आहे. बातमीत सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या वाक्यात लिहायचं, त्याहून कमी महत्त्वाचं त्याखाली, असं उतरत जायचं. जागा कमी पडली की बातमी खालून कापायची. खालचं वाचत बसायला वेळ नसतो आणि गरजही नसते, कारण नियमानुसार तिथं काही महत्त्वाचं नसतं.

गावाकडची माणसं नेमकी याच्या उलट बोलतात. घरी आलेला माणूस आधी ज्वारीचं विचारतो, मग म्हशीचं, मग कुणाच्या तरी गुडघ्याचं. चहा घेतो. उठतो, चपला घालतो, आणि चौकटीला हात लावून म्हणतो, "बरं, एक बोलायचं हुतं." ज्यासाठी तो आलेला असतो ते तेव्हा निघतं. आल्या आल्या कामाचं बोलणं बरं दिसत नाही. वार्ताहरांच्या बातम्याही अशाच यायच्या. मुद्दा तळाशी. सुरुवातीची काही वर्षं मी तो शोधून वर आणायचो. पुढे कामाचा रेटा वाढला आणि बहुतेक जण वर लिहायला शिकले, तेव्हा ते थांबलं. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या एका गावाचा वार्ताहर मात्र शिकला नाही. त्याची बातमी मी पंधरा वर्षं कापली.

डेस्कवरच्या माझ्या शेवटच्या वर्षात त्याची कॉपी, म्हणजे पाठवलेला मजकूर, अचानक सुधारली. पहिलं वाक्य नेमकं, आकडे तपासलेले, सत्काराच्या बातमीत हार घालणाऱ्यांची यादी नाही. फक्त शेवटी एक छोटा परिच्छेद असायचा, बातमीशी फारसा संबंध नसलेला. त्याला मी शेपूट म्हणायचो. शेपूट निघायची, बातमी लागायची. मी शेजारच्याला म्हणालो होतो, "याला कुणी शिकवलं रे?" तो म्हणाला, "वय शिकवतं." विषय तिथं संपला.

नंतर आवृत्तीची पानं कमी झाली, डेस्कचं काम दुसऱ्या शहरात गेलं. मी विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात तासिका तत्त्वावर शिकवू लागलो. विभागप्रमुख मॅडमनी मला आणखी एक काम दिलं: नव्यानं येणाऱ्या विद्यार्थ्यांना विभागात रुळवायचं आणि पुढे कोणकोणत्या कामांत जाता येतं ते दाखवायचं. ज्या धंद्यातून मी नुकताच बाहेर पडलो होतो त्याची दारं मुलांना दाखवायची होती. मी ते शांतपणे केलं. मला ते जमतही होतं.

त्या वर्षी चौतीस जण आले. कुणी माढ्याकडून, कुणी मंगळवेढ्याकडून रोज एस.टी.नं येणारं. अक्कलकोटची एक मुलगी घाईत बोलू लागली की कन्नडवर जायची. शहरातल्या विणकर वस्तीतल्या दोघांच्या घरी तेलुगू होती. पहिले काही दिवस सगळे एकेकटे बसत, डबाही एकेकटे खात. त्यांची एकमेकांशी ओळख व्हावी म्हणून मी एक रीत सुरू केली. प्रत्येकानं स्वतःचा परिचय बातमीसारखा लिहायचा: तृतीयपुरुषी, महत्त्वाचं आधी, एकशे वीस शब्दांत. जास्त झालं तर मी लाल पेनानं कापणार. मग तो टाइप होऊन फोटोसह बाहेरच्या फलकावर लागणार. परिचयही होईल आणि शिस्तही लागेल, असा दुहेरी विचार होता. मॅडमना तो आवडला. "मुलं फलकासमोर गर्दी करून उभी असतात, सर," त्या म्हणाल्या. "एकमेकांच्या डब्यात हात घालायला लागलीत."

चौतीस कागद मी दोन तासांमधल्या सुटीत उरकले. ती मुलगी तेव्हा माझ्यासाठी त्यांतला एक कागद होती. अक्षर लहान, ओळी सरळ, शब्द दोनशेच्या जवळपास. मी आधी गावाचं नाव काढलं, कारण वाचकाला लहान गाव माहीत नसतं, तालुका पुरतो. तिच्या शाळेचं नाव काढलं. तरी जास्तच होतं. मग खालचे दोन परिच्छेद एका तिरक्या रेघेनं काढले आणि पुढचा कागद घेतला.

फलकावर तिचा परिचय असा लागला: ती मंगळवेढा तालुक्यातली असून तिनं इतिहास घेऊन पदवी पूर्ण केली आहे आणि तिला लेखनाची आवड आहे. चौतीसपैकी एकतीस जणांना लेखनाची आवड होती.

ती रोज सकाळच्या एस.टी.नं निघायची, स्टँडवर उतरून पुढे रिक्षानं यायची. उशीर क्वचितच व्हायचा. ग्रंथालयात वर्तमानपत्रांचा स्टँड आहे. तासाला येण्याआधी ती तिथं उभी राहून आमच्याच जुन्या दैनिकाचं जिल्ह्याचं पान उघडायची, वरून खालपर्यंत बोट फिरवायची आणि घडी घालून ठेवायची. एकदा मी विचारलं, "काय शोधतेस?" ती म्हणाली, "गावाकडचं काही आलंय का बघते, सर." घरची आठवण येत असेल, असं मला वाटलं. नव्या मुलांना पहिले दोन महिने येतेच.

दोनेक महिन्यांनी मी सगळ्यांना नव्या पेठेजवळच्या त्या दैनिकाच्या कार्यालयात घेऊन गेलो. कामाची जागा बघितल्याशिवाय काम कळत नाही, असं मी त्यांना सांगितलं होतं. जिथं पूर्वी पंधरा जण बसत तिथं तीन टेबलं उरली होती. एका टेबलावर कार्यालयप्रमुख होता. तो एकेकाळी माझ्या हाताखाली शिकलेला. आता गावोगावच्या बातम्या त्याच्याकडे यायच्या आणि तो त्या पुढे पाठवायचा.

"या, या," तो मुलांना म्हणाला. "तुमच्या सरांची कात्री अख्ख्या जिल्ह्यात प्रसिद्ध होती. वार्ताहर म्हणायचे, साहेब, केस कापायचं दुकान टाका."

मुलं हसली. त्यानं संगणकावर एक बातमी उघडून दाखवली. "हे बघा. वार्ताहराची कॉपी कशी असावी. हा माणूस पंधरा वर्षं काहीच्या काही लिहायचा. गेली दोन वर्षं सोनं लिहितोय. म्हातारपणी शहाणा झाला."

"अजून शेपूट आहेच की," मी पडद्याकडे बघून म्हणालो.

बातमी गावच्या शाळेतल्या एकुलत्या शिक्षकाच्या बदलीची होती. मुलांना शेपूट म्हणजे काय ते कळावं म्हणून कार्यालयप्रमुखानं शेवटचा परिच्छेद मोठ्यानं वाचला. शिक्षक गेल्यानंतर चार दिवस मुलांनी फळ्यावरची तारीख पुसली नाही, असं त्यात होतं.

"ही शेपूट," मी म्हणालो. "बातमी वरच संपली. हे कशासाठी?"

ती मुलगी मागच्या बाजूला उभी होती. तिनं विचारलं, "सर, तुम्ही हे वाचून कापायचा का?"

"वाचायची गरज नसते," मी सांगितलं. "तळाला असतं म्हणजे कमी महत्त्वाचं असतं."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. मी पाहिलं. लिहून घेणारी विद्यार्थिनी म्हणून मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात कामाच्या वाटा सांगणारा तास होता. वर्तमानपत्र, आकाशवाणी, जाहिरात, जनसंपर्क, अनुवाद, असं मी फळ्यावर लिहीत गेलो. शेवटी कुणीतरी विचारलं, "सर, दुसऱ्याचं लिहिलेलं आपल्या नावावर खपवलं तर?" वर्ग हसला. मी म्हटलं, हसण्यासारखं नाही, आणि एक उदाहरण सांगितलं. एका गावाचा वार्ताहर स्वतः न लिहिता पुतण्याकडून बातम्या लिहून घेऊन पाठवायचा. उघड झालं त्या दिवशी त्याचं ओळखपत्र काढून घेतलं. "दुसऱ्याच्या नावावर बातमी पाठवणं म्हणजे खोटी सही," मी म्हणालो. "या धंद्यात ते केलं की माणूस संपला. लिहिणाराही आणि नाव देणाराही."

हे उदाहरण खरं होतं, पण अर्धं होतं. पुतण्या भाऊबंदकीच्या वादातून विरोधकांविरुद्ध खोट्या बातम्या सोडत होता, त्यासाठी ओळखपत्र गेलं होतं. तो भाग मी सांगितला नाही. उदाहरण लांबलं असतं. याउलट, वडील थकले म्हणून मुलगा लिहू लागला अशी दोन प्रकरणं माझ्याच हातून मार्गी लागली होती. दोन्ही वेळा एक अर्ज पुरला होता. तेही मी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नव्हतं.

तास संपल्यावर ती थांबली. दुपारची वेळ होती, पुढचा तास रिकामा होता. आणखी तीन-चार मुलं टेबलाजवळ होती. तिनं आधी ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारलं. मग डेस्कवर मुलींना घेतात का, ते. मग अनुवादाच्या कामाला इंग्रजी किती लागतं, ते. मी उत्तरं दिली. तिनं पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि चौकटीला हात लावून वळली.

"सर, एक विचारायचं होतं."

मी हजेरीचा कागद भरत होतो. मान वर न करता म्हणालो, "अगं, मुद्द्याचं आधी विचारावं. शेवटी ठेवलं की कापलं जातं."

टेबलाजवळची मुलं मोठ्यानं हसली. एक म्हणाला, "सरांनी तुला जितंपणी खालून कापली की गं!" तीही हसली. म्हणाली, "काही नाही, सर. येते." आणि गेली.

दारातलं ते एक वाक्य ऐकत मी लहानाचा मोठा झालो होतो. आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस तसाच वळायचा आणि माझे वडील हातातलं काम ठेवून उभे राहायचे.

त्यानंतर ती आठवडाभर आली. वर्तमानपत्रांच्या स्टँडपाशी ती दिसली नाही, हे मला नंतर आठवलं. मग ती यायची थांबली. दिवाळीची सुट्टी झाली, वर्ग पुन्हा सुरू झाले, तरी आली नाही. मॅडम म्हणाल्या, "सर, त्या मंगळवेढ्याच्या मुलीचं काय झालं बघा ना. परीक्षेचा अर्जही भरलेला नाही."

विभागाच्या कार्यालयातून मी तिचा प्रवेश अर्ज काढला. त्यावरचा नंबर मोबाइलवर दाबला. शेवटचा आकडा दाबताच पडद्यावर नाव उमटलं. ते त्या गावाचं नाव होतं. पंधरा वर्षं ज्याची बातमी कापली त्या वार्ताहराचा नंबर होता तो. रिंग जात राहिली. कुणी उचलला नाही.

परिचयांचे मूळ कागद मी एका फाइलमध्ये ठेवले होते. तिचा कागद काढला. लाल रेघेखालचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. कापलेल्या दोनपैकी पहिल्या परिच्छेदात तिच्या गावापासून विद्यापीठापर्यंतचा प्रवास होता. दुसरा असा होता:

'तिचे वडील वर्तमानपत्राचे वार्ताहर आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून त्यांच्या बातम्या ती लिहिते व त्यांच्या मोबाइलवरून पाठवते. कार्यालयाला हे माहीत नाही. गावात वडिलांना सर्वजण पत्रकार म्हणतात, ते तसेच राहावे अशी तिची इच्छा आहे. हे चुकीचे असेल तर कोणाला सांगावे, आणि चुकीचे नसेल तर हे काम आपले आहे असे म्हणता येईल का, हे विचारण्यासाठी तिने या विभागात प्रवेश घेतला आहे.'

मी ते दोनदा वाचलं. परिच्छेदात एकही शब्द जास्तीचा नव्हता. बातमीच्या दृष्टीनं बघितलं तर तो पहिला परिच्छेद होता.

कार्यालयप्रमुखाला फोन केला आणि त्या गावच्या वार्ताहराबद्दल विचारलं.

"त्यांचं काय? दिवाळीआधीच राजीनामा पाठवला त्यांनी," तो म्हणाला. "प्रकृतीचं कारण. ओळखपत्रही पोस्टानं परत आलं."

"तू फोन करून काही विचारलं नाहीस?"

"काय विचारायचं, सर? पत्र एकदम व्यवस्थित होतं. चार ओळींचं. मुद्दा पहिल्याच ओळीत."

मी त्याला प्रकार सांगितला. तो म्हणाला, "मला सांगितलं असतं तर तिच्या नावाचं कार्ड करून दिलं असतं. दहा मिनिटांचं काम." मी म्हणालो, "माहीत आहे."

लगेच गावी गेलो नाही. परीक्षा आहेत, असं कारण मी स्वतःला दिलं. फोन मात्र चार-पाच वेळा केला. एकदा तिच्या आईनं उचलला आणि "ती न्हाय हितं" एवढं सांगून ठेवला. शेवटी फेब्रुवारीत एका रविवारी निघालो. मंगळवेढ्यात उतरून दुसरी गाडी पकडली. दोन्ही बाजूंना काळ्या रानात ज्वारी काढणीला आली होती. बायामाणसं ओळीनं वाकून ताटं मुळासकट उपटत होती. उपटलेल्या ओळी जमिनीवर आडव्या पडल्या होत्या.

घर शोधायला अडचण आली नाही. पहिल्याच माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "पत्रकाराचं व्हय? त्या लिंबाच्या अंगाला." पाटी नव्हती, पण गावाच्या तोंडी ते पद अजून होतं.

वार्ताहर पडवीत बाजेवर बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, बोटं आत वळलेली. मी नाव सांगितलं. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज ओळखला.

"सायेब," ते म्हणाले. शब्द तुटत होते, तोंडाच्या एका बाजूनं येत होते. "बातमी... मिळाली का?"

त्यांची बायको आतून पाणी घेऊन आली. "थट्टा करत्यात," ती म्हणाली. "लई दिसांनी केली. बसा की."

पाऊस कमी झाला, दाणे तरी भरलेत, एवढं बोलून झालं. चहा आला. मग मी मुलीचं विचारलं. ती पुण्याला मामाकडे होती. पार्सलं बांधायच्या कंपनीत लागली होती. आईनं सांगितलं, "एक दिवस आली आन म्हणाली, मला न्हाय जायाचं तिकडं. का म्हटलं तर सांगंना. ह्यांच्यापाशी बसली, कागूद लिवला, ह्यांचा अंगठा घेतला. म्हणाली, आप्पा, तुमचं नाव खराब व्हायच्या आदी आपुनच सोडू."

"खराब झालं नसतं," मी म्हणालो. "तिनं काहीच चुकीचं केलं नव्हतं. मी तिला सांगायला हवं होतं."

वार्ताहरांनी डाव्या हातानं बायकोला खूण केली. तिनं कोनाड्यातून एक जाड वही आणून माझ्यापुढे ठेवली. कात्रणवही होती. सुरुवातीची पानं त्यांची: बातमी कापून चिकटवलेली, बाजूला तारीख. त्या पानांवर आणखी काही नव्हतं. अर्ध्याच्या पुढे अक्षर बदललं होतं. तिथून पुढे प्रत्येक कात्रणाखाली निळ्या शाईनं दोन-तीन ओळी हातानं लिहिलेल्या होत्या. लहान अक्षर, सरळ ओळी.

मी वाचत गेलो. हातपंप दुरुस्त झाल्याच्या बातमीखाली: 'पहिली घागर भरल्यावर म्हातारीने ती परत पंपापाशी ओतली.' ग्रामसभा तहकूब झाल्याच्या बातमीखाली: 'मांडलेल्या चाळीस खुर्च्या संध्याकाळपर्यंत तशाच होत्या, कुत्री सावलीला बसली होती.' शिक्षकाच्या बदलीच्या बातमीखाली फळ्यावरची तारीख होती. ज्या ज्या ओळी छापल्या गेल्या नव्हत्या त्या तिनं आपापल्या जागी परत लिहून ठेवल्या होत्या. कितीतरी माझ्या शेवटच्या वर्षातल्या होत्या, म्हणजे मी कापलेल्या. एकही मला आठवत नव्हती. न वाचलेलं आठवण्याचा प्रश्न येत नाही.

शेवटच्या काही पानांवर कात्रणं नव्हती, ती कोरी होती. मी वही मिटली.

"तिला परत यायला सांगा," मी म्हणालो. "प्रवेशाचं मी बघतो. कार्डही तिच्या नावाचं होईल."

आई नवऱ्याकडे बघू लागली. मी पुण्याचा नंबर लिहून घेतला, उठलो, चपला घातल्या. गाडीची वेळ झाली होती. ते बाजेवरून उठायला लागले. बायकोनं "बसा वो, पडाल" म्हणून धरलं, तरी भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आले आणि डावा हात चौकटीला लावला. या वेळी मी थांबलो.

"सायेब, एक बोलायचं हुतं."

"बोला."

"माजं... तुमी लई वर्सं कापलं. मी कदी काय म्हणालो न्हाय." श्वास घ्यायला ते थांबले. "तिचं वाचायचं हुतं."

मी हो म्हणालो. बायको त्यांना हळूहळू मागे नेऊ लागली.

मंगळवेढ्याच्या स्टँडवर सोलापूरच्या गाडीची वाट बघत मी तिला मोबाइलवर मजकूर लिहिला. मुद्दा आधी लिहिला: तू केलेलं काम तुझं होतं, त्यात चुकीचं काही नव्हतं, वर्गात मी सांगितलेलं उदाहरण अर्धवट होतं. मग परत येण्याबद्दल. शेवटी लिहिलं की वही पाहिली, आणि ज्या ओळी मी कापल्या त्या आज पहिल्यांदा वाचल्या. पाठवलं.

गाडी लागली, माणसं चढली, मला खिडकी मिळाली. तेवढ्यात उत्तर आलं.

'नमस्कार सर. तुम्ही घरी गेलात, आप्पांना बरं वाटलं असेल. मी इथे ठीक आहे. परत येणं आता होणार नाही.'

तीन गोष्टी, नेमक्या. मी फोन हातात धरून थांबलो, कारण तिचं लिहिणं इथं संपत नाही हे मला आता माहीत होतं. पडद्यावर वरच्या बाजूला 'टाइप करत आहे' असं उमटलं. गाडी स्टँडमधून बाहेर पडली, गाव मागे पडलं, दोन्हीकडे उपटलेली रानं सुरू झाली. ते शब्द बराच वेळ तिथं होते. मग गेले. पुढे काही आलं नाही.